पाठीवरचा व्रण आणि मातृत्व

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून सामान्यतः दान, शिक्षण, जीवदया, तीर्थयात्रा यांविषयी बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आजचा विषय त्या पंक्तीत सहजासहजी बसणारा नाही. जन्मतः पाठीच्या कण्यात व मज्जारज्जूत दोष घेऊन आलेल्या मुली, त्यांचे विवाह आणि विवाहानंतर येणारे त्यांचे गरोदरपण हा तो विषय होय. चारचौघांत तो निघत नाही; निघालाच तर स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात निघतो. म्हणूनच तो आज सभागृहात घेतला आहे.

विवाहेच्छुकांचे परिचयपत्र सर्वांच्या परिचयाचे आहे. जन्मतारीख, उंची, वर्ण, शिक्षण, गोत्र, मामाचे गोत्र, वडिलांचा व्यवसाय, सारे काही त्यात असते. मुलीच्या पाठीवर ती तान्ही असताना शस्त्रक्रिया झाली होती, ही गोष्ट मात्र बहुधा त्यात नसते. आई-वडिलांचा हेतू वाईट नसतो. लेकीचे मन मोडू नये, घर बसावे एवढेच त्यांना हवे असते. परंतु परिचयपत्रात न लिहिलेली ही ओळ पुढे डॉक्टरांच्या केसपेपरवरही लिहिली जात नाही, आणि प्रसूतीच्या वेळी भूल देणारे डॉक्टर कमरेत सुई देण्यासाठी पदर बाजूला करतात तेव्हा तो व्रण प्रथमच त्यांच्या दृष्टीस पडतो. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. मूळ दोषापेक्षा ही लपवाछपवी अधिक घातक ठरू शकते, हे आजच्या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

प्रथम हा दोष म्हणजे काय ते पाहू. कापडाच्या व्यवहारातील उदाहरण घ्यायचे तर एखादी लांब पट्टी घेऊन तिचे दोन्ही काठ एकमेकांकडे वळवावेत आणि शिवण घालून नळी करावी, तसे गर्भाच्या पाठीत घडते. सुरुवातीला सपाट असलेली पेशींची पट्टी दुमडून तिची नळी बनते. तिच्यातूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. या मज्जानलिकेची शिवण गर्भधारणेपासून सुमारे २८ व्या दिवसापर्यंत पूर्ण होते. एखाद्या ठिकाणी ती उसवलेली राहिली तर तेथे मणक्यांची कमान जुळत नाही आणि कधी आवरण, तर कधी आवरणासह मज्जारज्जू बाहेर डोकावतो. यालाच स्पायना बायफिडा, म्हणजे दुभंगलेला कणा, म्हणतात. काही बालकांत वरची त्वचा शाबूत असते, परंतु आत चरबीची गाठ असते किंवा मज्जारज्जू खाली खेचून बांधल्यासारखा अडकलेला असतो. अशा वेळी कमरेवर केसांचा पुंजका, खळगा किंवा मऊ गाठ एवढीच खूण दिसते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. एखाद्याच्या क्ष-किरण चित्रात योगायोगाने एका मणक्याची कमान जुळलेली नसल्याचे आढळते, आणि अहवालात 'स्पायना बायफिडा ऑकल्टा' असे शब्द लिहिलेले असतात. अशी माणसे समाजात पुष्कळ असतात आणि त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. तेवढ्या शब्दांवरून कोणाची सोयरीक मोडू नये.

हा प्रश्न आजच का उभा राहिला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. पूर्वी ही बालके क्वचितच मोठी होत. पाठ बंद केली तरी अनेकांच्या मेंदूत पाणी साठे आणि त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. १९५५ साली अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या एका तंत्रज्ञाच्या घरी असा मुलगा जन्मला. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते, कुलुपे बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीस होते. फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक युजीन स्पिट्झ यांच्याकडून अडचण समजून घेऊन त्यांनी पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी बारीक झडप आपल्या हातांनी तयार केली आणि १९५६ पासून ती वापरात आली. त्यांचा स्वतःचा मुलगा काही वर्षांनी गेला; पण त्या झडपेने जगभरातील असंख्य मुले वाचवली. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांवर काम करणाऱ्या तरुणांनी हे नाव अवश्य ध्यानात ठेवावे. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतीलच जॅक लॅपिडिस यांनी स्वच्छ नळीने ठरावीक वेळांनी मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि या रुग्णांच्या मूत्रपिंडांचे रक्षण होऊ लागले. मुली जगल्या, शिकल्या, वयात आल्या. त्यांची गर्भधारणेची क्षमता बहुधा इतर स्त्रियांसारखीच असते. मातृत्वाचा प्रश्न हा अशा रीतीने वैद्यकशास्त्राच्या यशातूनच जन्मला आहे.

समाजाची दृष्टी मात्र त्या वेगाने बदललेली नाही, आणि हे केवळ आपल्याकडेच आहे असेही नाही. वेल्समधील टॅनी ग्रे-थॉम्पसन या स्पायना बायफिडासह १९६९ साली जन्मल्या. चाकांच्या खुर्चीवरील शर्यतींत त्यांनी पॅरालिंपिकची ११ सुवर्णपदके मिळवली. अशा कीर्तिमान स्त्रीला दिवस गेले तेव्हा आपल्यापुढे प्रथम गर्भपाताचाच पर्याय ठेवण्यात आला, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. २००२ साली त्यांना कन्या झाली. त्यानंतर २००४ च्या अथेन्स येथील स्पर्धेत त्यांनी आणखी दोन सुवर्णपदके जिंकली आणि २०१० पासून त्या ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्य आहेत. प्रत्येक मुलगी टॅनी होणार नाही, व्हावी असेही नाही. परंतु 'हिला मूल कसे झेपणार' हा प्रश्न विचारणाऱ्याने तो तिच्या डॉक्टरांना विचारावा, शेजारणीला नव्हे.

आता तयारीविषयी. ही तयारी दिवस राहिल्यावर नव्हे, त्याच्या काही महिने आधी सुरू व्हावयास हवी. कारण मज्जानलिकेची शिवण पूर्ण होते तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येक घरांत तोवर ती बातमी सासूबाईंपर्यंतही पोहोचलेली नसते. ज्या स्त्रीला स्वतः हा दोष आहे, तिच्या अपत्यात तो येण्याची शक्यता साधारण शंभरात ३ ते ५ असते. म्हणजे शंभरातील ९५ हून अधिक बालके या दोषापासून मुक्त असतात, हेही त्याच वाक्यात ऐकावे. ही शक्यता आणखी कमी करणारी गोळी आहे फॉलिक अ‍ॅसिडची, आणि तिच्या इतिहासाचा आरंभ आपल्या मुंबईत आहे.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. मुंबईतील गरीब गर्भवतींना, विशेषतः कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांना, गरोदरपणात एक विलक्षण पंडुरोग होई आणि त्यात अनेक जणी दगावत. ज्या गिरण्यांचे थान गावोगावच्या दुकानांत मोजले गेले, त्या गिरण्यांमागे हेही दुःख होते. लुसीबाईंनी आहाराची पाहणी केली, प्राण्यांवर प्रयोग केले आणि यीस्टपासून काढलेल्या मार्माइट नावाच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो, हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील तो गुणकारी घटक कोणता हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढण्यात आला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अ‍ॅसिड नाव मिळाले. १९४५ मध्ये तो कृत्रिम रीतीने बनवणाऱ्या अमेरिकेतील संशोधक गटाचे नेतृत्व भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील प्रयोगाचा निष्कर्ष जाहीर केला. पूर्वी दोषयुक्त अपत्य झालेल्या १,८१७ स्त्रिया त्यात सहभागी होत्या. दोष आढळलेल्या २७ गर्भांपैकी केवळ ६ फॉलिक अ‍ॅसिड घेणाऱ्या गटांतील होते, उरलेले २१ न घेणाऱ्यांतील. म्हणजे सुमारे ७२ टक्के संरक्षण. हिशेबाची सवय असलेल्या श्रोत्यांना याहून अधिक सांगणे नलगे.

सर्वसाधारण स्त्रीला रोज ४०० मायक्रोग्रॅम मात्रा पुरते. परंतु जिला स्वतः हा दोष आहे, जिच्या पतीला तो आहे किंवा जिला पूर्वी असे अपत्य झाले आहे, तिला याच्या दहापट, म्हणजे ४ मिलिग्रॅम लागते. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते आणि डॉक्टर बहुधा तीच लिहून देतात. ती गर्भधारणेपूर्वी किमान एक महिना, शक्यतो तीन महिने सुरू करून पहिले बारा आठवडे चालू ठेवतात. औषध स्वस्त आहे, वेळ चुकणे महाग पडते.

यासोबत शाकाहारी घरांनी आणखी एका जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे, ते म्हणजे बी-१२. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. त्यांत जवळजवळ दोन-तृतीयांश मातांत बी-१२ कमी आढळले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुण्यातील संशोधकांच्या दुसऱ्या एका अभ्यासात मज्जानलिकेच्या दोषाचा संबंध बी-१२ शरीरात वाहून नेणाऱ्या घटकाच्या आनुवंशिक फरकाशी दिसून आला. वनस्पतीजन्य आहारात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसते. दूध-दह्यात असते, पण अर्धा कप चहातील दुधाने भागत नाही. त्यातच फॉलिक अ‍ॅसिडची मोठी मात्रा घेतल्यास बी-१२ च्या अभावाने होणारा पंडुरोग झाकला जातो आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहू शकते. ज्या मुलीच्या नसा जन्मतःच दुबळ्या, तिच्या बाबतीत ही चूक परवडणारी नाही. म्हणून रक्ततपासणी करून गरजेनुसार गोळी घ्यावी. अनेक कॅप्सूलचे वेष्टन जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. आहारनियम पाळणाऱ्यांनी औषधे नाकारू नयेत, दुकानदाराकडे साधी गोळी किंवा वनस्पतीजन्य वेष्टन मागावे. बी-१२ स्वतः जीवाणूंच्या किण्वनातून तयार करतात.

गर्भधारणेपूर्वीच्या भेटीत आणखी काही गोष्टी उरकाव्यात: मूत्रपिंडांची तपासणी, रक्तदाब, चालू औषधांचा फेरविचार. फिट्ससाठी दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे औषध स्वतःच मज्जानलिकेच्या दोषाची शक्यता वाढवते, म्हणून ते बदलता येईल का हे आधीच विचारावे. मात्र कोणतेही औषध मनाने बंद करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कण्याचे एमआरआय चित्र शक्यतो आधीच काढून ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

गरोदरपणाच्या काळात सर्वाधिक सांभाळावे लागते ते मूत्राशय. गर्भाचा भार वाढतो तसे ते नीट रिकामे होत नाही, जंतुसंसर्ग वारंवार होतो आणि संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला तर ताप येतो व अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. नळीने मूत्राशय रिकामे करणाऱ्या स्त्रीला ते अधिक वेळा करावे लागते. यावर पहिला उपाय भरपूर पाणी हा आहे आणि येथेच श्रावकांच्या घरातील एक नाजूक मुद्दा येतो. सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य करणारा चौविहार, पर्युषणातील उपवास, आयंबिलाची ओळी हे आचार श्रद्धेचे आहेत आणि त्यांविषयी अनादर कोणाच्याही मनात नसावा. परंतु वैशाखातील दीर्घ, कोरडी संध्याकाळ व रात्र या स्त्रीच्या मूत्रपिंडांना मानवणारी नाही. पच्चक्खाणाच्या विधीतच रुग्णावस्थेसारख्या प्रसंगांसाठी आगार, म्हणजे सवलत, ठेवलेली आहे; पूर्वसूरींनी शरीराची मर्यादा ओळखूनच ती ठेवली असणार. सुनेने संकोचाने तहान दाबून बसण्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांनीच पुढाकार घेऊन महाराजसाहेबांना विचारावे आणि तिची सवलत घरात उघडपणे मान्य करावी. मूत्राशयासाठी तीन तासांनी उठणाऱ्या सुनेकडे बघून कोणी भुवया उंचावू नयेत, हाही त्याच सवलतीचा भाग समजावा.

डोक्यातील पाणी वाहून नेणारी नळी ज्यांना बसवलेली आहे, त्यांच्याविषयी एकच गोष्ट ठळकपणे सांगावीशी आहे. या नळीचे खालचे टोक पोटात असते. गर्भ वाढल्यावर कधी कधी तिचे काम अडते. तेव्हा डोके दुखते, उलट्या होतात, सुस्ती येते, नजर अंधुक होते. घरात लगेच म्हटले जाते, "दिवस गेलेत, असे व्हायचेच." नाही. नळी असलेल्या स्त्रीच्या बाबतीत हे वाक्य उच्चारायचेच नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. गरोदरपणातील वाढत्या रक्तदाबाचीही लक्षणे अशीच असतात. दोन्हींतले कोणते, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

पायांत संवेदना कमी असल्यास चप्पल चावल्याचे किंवा गरम पाण्याने भाजल्याचे कळत नाही. वजन वाढले की बसून बसून जखमा होतात; खुर्चीवर बसणाऱ्या स्त्रीने दर पंधरा-वीस मिनिटांनी भार बदलावा आणि रोज आरशात पाठीमागची त्वचा पाहावी. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ वाढते, पायांच्या शिरांत रक्त गोठण्याची शक्यता वाढते, कणा वाकडा असल्यास शेवटच्या महिन्यांत श्वास अपुरा पडतो. या साऱ्यांवर उपाय आहेत, परंतु ते तपासणीला नियमित जाणाऱ्यासाठी आहेत. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचा कणा बारकाईने पाहिला जातो. ती दोष पाहण्यासाठी आहे. बाळ मुलगा की मुलगी हे विचारण्यासाठी नाही, आणि १९९४ च्या कायद्याने तसे विचारणे व सांगणे दोन्ही गुन्हा आहे.

आता प्रसूती. 'हिचे सिझेरियनच होणार' हा समज सर्रास आढळतो, तो सर्वस्वी खरा नाही. अनेक जणींची प्रसूती नैसर्गिक मार्गाने होऊ शकते; कंबरेचे हाड अरुंद असणे, खुब्याचे सांधे आखडलेले असणे अशा कारणांनी काहींना शस्त्रक्रिया लागते. जिच्या मूत्राशयावर पूर्वी आतड्याचा तुकडा लावून शस्त्रक्रिया झाली आहे, तिचे सिझेरियन करताना मूत्रशल्यचिकित्सक हजर असणे हिताचे असते, कारण आतील रचना बदललेली असते.

कमरेतील सुईचे गांभीर्य येथे समजून घ्यावे. सामान्य माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो, म्हणून त्याखाली सुई देणे सुरक्षित असते. अडकलेला मज्जारज्जू मात्र अगदी खालपर्यंत उतरलेला असू शकतो आणि नेहमीच्या जागी दिलेली सुई थेट त्याला लागू शकते. एमआरआयचे चित्र आधी पाहिलेले असेल तर भूलतज्ज्ञ जागा ठरवतात किंवा पूर्ण भूल देण्याचा निर्णय शांतपणे घेतात. म्हणून त्यांची भेट सातव्या-आठव्या महिन्यातच घ्यावी. दुसरी गोष्ट रबराची. लहानपणापासून वारंवार शस्त्रक्रिया व नळ्या यांच्याशी संबंध आल्याने या रुग्णांपैकी पुष्कळांना लॅटेक्स रबराची तीव्र अ‍ॅलर्जी असते. साध्या हातमोज्यानेही रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. फुगा फुगवताना ओठ सुजणे, केळे खाल्ल्यावर तोंडात खाज येणे ही त्याची सूचना असू शकते. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'लॅटेक्स नको' असे लिहून घ्यावे.

आणि कळा. दोष पाठीत जितका वर, तितकी पोटाची जाणीव कमी. काही स्त्रियांना कळा कळतच नाहीत. पोट ठरावीक अंतराने कडक होते का, हे हात ठेवून ओळखायला त्यांना शेवटच्या महिन्यांत शिकवतात. चाकणकरांना तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक ठाऊक आहेत. पुणे-नाशिक महामार्गावर पाळी सुटण्याच्या वेळेस रुग्णवाहिकेलाही वाट मिळत नाही. कळा न समजणाऱ्या स्त्रीने त्या रस्त्याच्या भरवशावर राहू नये. तारखेच्या आधीच पिंपरी किंवा पुण्यातील नातलगांकडे मुक्कामास जावे, किंवा डॉक्टर सांगतील त्या दिवशी दाखल व्हावे. चाकणचे ग्रामीण रुग्णालय व येथील प्रसूतिगृहे नेहमीच्या तपासणीला उपयोगी आहेतच. पण प्रसूतीसाठी स्त्रीरोग, भूल, मूत्रशल्य, मेंदूशल्य आणि नवजात शिशू हे विभाग एकाच छताखाली असलेले मोठे रुग्णालय निवडावे. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय असो, पुण्याचे ससून असो वा एखादे विश्वस्त रुग्णालय, नाव आधीच नोंदवून ठेवावे.

कायद्याची एक बाजू सांगितली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाच्या दहाव्या कलमाने दिव्यांग व्यक्तीला प्रजनन व कुटुंबनियोजनाची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि तिच्या संमतीविना तिला वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय क्रिया करता येत नाही. तीव्र दिव्यांगत्वाचा मर्यादित अपवाद सोडता, दिव्यांग स्त्रीच्या स्पष्ट संमतीवाचून गर्भपात घडवून आणणाऱ्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. निर्णय सासरचा नाही, माहेरचाही नाही. तो तिचा आहे. तिने विचारपूर्वक मूल नको म्हटले, तर तोही तितकाच मानाने ऐकावा.

सोयरीक ठरवताना सांगायचे कोणी आणि केव्हा, हा प्रश्न उरतो. परिचयपत्रावर छापावे असा आग्रह नाही. ते चारशे घरांत फिरते. परंतु दोन्ही घरांची बोलणी पुढे सरकली की, साखरपुड्यापूर्वी, मुलीने आणि तिच्या वडिलांनी मुलाला व त्याच्या पालकांना समोर बसवून सांगावे, आणि शक्य तर तिच्या डॉक्टरांकडे सर्वांनी एकत्र जावे. काही घरे मागे हटतील. मागे न हटणारे घर सातव्या महिन्यात तिच्यासोबत भूलतज्ज्ञांच्या दाराशी बसलेले असेल.

मुलीची लहानपणापासूनची कागदपत्रे बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी, पिवळी पडलेल्या स्थितीत असतात. शस्त्रक्रियेचे डिस्चार्ज कार्ड, डोक्यातील नळी कधी बसवली व कधी बदलली याची नोंद, मूत्रपिंडांचे अहवाल, औषधांची यादी, अ‍ॅलर्जी आणि एमआरआय हे सारे एका फाइलमध्ये लावून, त्याची एक प्रत माहेरी व एक सासरी ठेवावी आणि मूळ फाइल तिच्याच हाती द्यावी.